दुपारचा अर्धा तास

मनुष्यानें काय खावें, किती खावें आणि दिवसांतून किती वेळां खावें, हे तीन प्रश्न प्रत्येक पिढीस नव्यानें पडतात; आणि त्यांचें खरें उत्तर आपल्याच काळांत सांपडलें असें प्रत्येक पिढीस वाटतें. सध्यां महाराष्ट्रांत यांपैकीं तिसऱ्या प्रश्नावर मोठी खडाजंगी चालू आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांपासून स्फूर्ति घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं, दिवसांतून दोनदांच जेवावें, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आंत संपवावें आणि मध्यें कांहीं खाऊं नये, असा प्रचार गांवोगांव केला. उलट, पोट फार वेळ रिकामें न ठेवतां दर दोन तासांनीं थोडें थोडें खावें, असें सांगणाऱ्या आहारतज्ज्ञांचा अनुयायीवर्गहि लहान नाहीं. दोन्ही पक्ष शास्त्राचा आधार सांगतात, दोन्ही पक्षांस गुण आल्याचे दाखले देणारीं माणसें भेटतात. या वादाचा निवाडा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात, तिकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. ती गोष्ट ही कीं, जेवणारा मनुष्य आपल्या वेळेचा धनी असतो. इतिहास पाहूं गेल्यास हें गृहीत फार थोड्यांना लागू पडतें. गेल्या दीडशें वर्षांत आपल्याकडील कष्टकरी स्त्रीपुरुषांच्या जेवणाची वेळ वैद्यानें ठरविली नाहीं, धर्मशास्त्रानें तर नाहींच. ज्याच्या हातीं त्यांचा दिवस गेला, त्यानेंच ती ठरविली. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वीं जुना दंडक काय होता तें पाहूं. शतपथ ब्राह्मणांत अशी कथा आहे कीं, सर्व भूतें प्रजापतीकडे उपजीविका मागावयास गेलीं, तेव्हां त्यानें प्रत्येकास आहाराचा काळ नेमून दिला. देवांस यज्ञ मिळाला, पितरांस महिन्यामहिन्यानें मिळणारें अन्न मिळालें, मनुष्यांच्या वांट्यास सायंकाळ व प्रातःकाळ असे दोन काळ आले. पशूंस मात्र त्यानें काळवेळ लावून दिली नाहीं. त्यांनीं जेव्हां मिळेल तेव्हां खावें, असें सांगितलें. दोन भोजनांच्या मध्यें जो कांहीं खात नाहीं तो सदा उपवासीच समजावा, असें महाभारतहि सांगतें. बौद्ध भिक्षूंस मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य होतें, जैनांस सूर्यास्तानंतर. या सर्व नियमांचें घड्याळ एकच, आणि तें म्हणजे आकाशांतील सूर्य.

वैद्यांचे नियम याहून सूक्ष्म आहेत. पूर्वीं खाल्लेलें पचल्यावरच पुन्हां जेवावें. अन्न ऊन व स्निग्ध असावें. मात्रा बेताची असावी. फार भरभर जेवूं नये आणि फार रेंगाळतहि जेवूं नये. बडबड व हंसणें टाळून मन अन्नाकडे द्यावें. आपल्या प्रकृतीस काय मानवतें याचा विचार करून खावें, असें चरकसंहितेंतील विमानस्थान सांगतें. हे नियम आजहि कोणाहि विचारी मनुष्यास पटतील. परंतु ते पाळण्यास जी सामग्री लागते तींत धान्य, तूप व सरपण यांच्याबरोबर आणखी एक वस्तु आहे, आणि ती म्हणजे सवड. अन्न ऊन असावयाचें तर तें शिजतें त्या ठिकाणीं जेवणारा असला पाहिजे. सावकाश जेवावयाचें तर त्यास कोणी उठविणारा नसला पाहिजे. चरकाच्या डोळ्यांसमोर असा गृहस्थ होता. बहुसंख्य समाज तसा कधींच नव्हता.

कोंबडा आरवतांना उठून नांगर किंवा मोट धरणाऱ्या कुणब्यास मध्यान्हापर्यंत उपाशी राहणें परवडत नसे. म्हणून त्याच्या दिवसांत न्याहारी आली. शब्द फारशीकडून आलेला, पण वस्तु अस्सल देशी: रात्रीची शिळी भाकरी, तिजवर मिरचीचा ठेंचा, बुक्कीनें फोडलेला कांदा, आणि दुभतें असल्यास ताकाचा घोट. दुपारीं घरधनीण डोकीवर पाटी घेऊन बांधावर येई. औत थांबे, बैल सुटत आणि झाडाच्या सावलींत भाकरी होई. दिवेलागणीनंतर तिसरें जेवण. दोन भोजनांचा शास्त्रोक्त दंडक शेतांत पाळला जात नसे. तरी त्या दिवसाला एक ठराविक चाल होती, आणि ती चाल बैलांच्या दमावर बेतलेली होती. बैल दुपारीं सोडावाच लागतो. जनावर थांबलें कीं माणसासहि विसांवा मिळतो. यंत्रास मात्र दुपार होत नाहीं.

हें चित्र रम्य करून दाखविण्याचें कारण नाहीं. आषाढ-श्रावणांत कणगीचा तळ दिसूं लागला म्हणजे तीन जेवणांचीं दोन होत आणि दोनांचें एक. दुष्काळांत तेंहि जाई. शेतांत ज्यांची मालकी नव्हती, ज्यांस दुसऱ्याच्या दारच्या तुकड्यावर दिवस काढावे लागत, त्यांची स्थिति याहून वाईट होती. एवढें मात्र खरें कीं, घरांत धान्य असेल तेव्हां तें खाण्यास वेळ मिळे. गिरणींत या व्यवस्थेची उलथापालथ झाली. तेथें महिन्याअखेर रोख पगार पदरीं पडूं लागला. पण त्याच्या जोरावर आणलेलें धान्य बसून खाण्यास वेळ उरला नाहीं.

इंग्रजी अमदानींत प्रथम बदलली ती पांढरपेशाची वेळ. कचेऱ्या व शाळा दहा-अकरास भरूं लागल्या, तेव्हां स्नानसंध्या उरकून मध्यान्हीं पानावर बसणारा गृहस्थ नऊ-साडेनवास वरणभात घाईघाईनें गिळून बाहेर पडूं लागला. भूक लागण्यापूर्वीं जेवणें आणि जेवतांच धांवणें, असे चरकाचे दोन नियम त्यानें एकदमच मोडले. मुंबईंत यावर एक नामी तोड निघाली. १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं घरचे डबे कामाच्या ठिकाणीं पोंचविण्याचा धंदा सुरू केला, आणि त्यांतून डबेवाल्यांची ती प्रसिद्ध संस्था उभी राहिली. ही तोड उपयोगी पडली, कारण कारकुनास दुपारची सुट्टी होती. ज्याला सुट्टीच नाहीं त्याला डबा पोंचून काय उपयोग? गिरणगांवांतील हजारों माणसें नेमकीं याच अडचणींत होतीं.

१८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत सूतगिरणीची कंपनी स्थापिली आणि १८५६ सालीं ताडदेव येथें तिचें काम सुरू झालें. पुढील तीस वर्षांत भायखळा, लालबाग, परळ या बाजूस धुराड्यांचें एक रानच उगवलें. रत्नागिरीकडचे कोंकणी आणि सातारा-पुण्याकडचे घाटी लोक शेतांतून उठून तेथें आले. दिव्यांची सोय नव्हती तोंपर्यंत गिरणी सूर्योदयास सुरू होई व सूर्यास्तास बंद पडे. म्हणजे हिवाळ्यांत सुमारें ११ तास आणि उन्हाळ्यांत १३ तासांहून अधिक. १८८१ च्या पहिल्या कारखान्यांच्या कायद्यानें लहान मुलांस दिवसाचे ९ तास काम व १ तास विश्रांति मिळवून दिली. प्रौढांविषयीं तो कायदा मुका होता. इंजिन दिवसभर चालत राही. शेजाऱ्यास आपलें यंत्र सांभाळावयास सांगून, उडत्या कापसाच्या तंतूंत, यंत्राच्या आडोशास बसून मजुरानें फडक्यांतली भाकरी उरकावी, असा प्रघात होता. सूर्योदयाची व सूर्यास्ताची वेळ त्यासहि लागू होती, पण ती कामाला; जेवणाला नाहीं. प्रजापतीनें पशूंस दिलेली ‘जेव्हां मिळेल तेव्हां’ ही वांटणी मुंबईंत माणसाच्या पदरीं आली.

ही गोष्ट ज्यास बोंचली आणि ज्यानें ती सरकारच्या कानीं घातली, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचें नांव आज कामगार चळवळीच्या इतिहासांत आदरानें घेतलें जातें. जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि कांहीं काळ स्वतः गिरणींत नोकरी केलेले हे गृहस्थ १८८४ च्या सप्टेंबरांत गिरणी कामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार करते झाले. त्यावर सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यांतील मागण्या पाहण्याजोग्या आहेत: दर रविवारीं सुट्टी असावी, दुपारीं अर्धा तास विश्रांति मिळावी, काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार व जन्माचा अपंग झाल्यास निर्वाहाची तजवीज असावी.

या पांच कलमांत पगार वाढवावा असें एकहि कलम नाहीं. त्यांतील तीन तर निव्वळ वेळेचीं आहेत. कोणी म्हणेल कीं, या उपाशी माणसांची खरी गरज पैशांची होती आणि अर्ध्या तासानें पोट भरत नाहीं. परंतु ज्यांचें पोट होतें त्यांनींच ही यादी केली होती. पैसा हातीं असूनहि, भूक लागेल तेव्हां स्वस्थ बसून खातां येत नसेल, तर शरीर मोडतें, हा अनुभव त्यांनीं तेरा तासांच्या दिवसांत घेतला होता. आहार आणि आरोग्य यांच्या संबंधाविषयीं महाराष्ट्रांत जें लिहिलें गेलें, त्यांत ‘दुपारीं अर्धा तास’ हे त्या अर्जांतील शब्द मानाच्या जागीं बसविले पाहिजेत. ते कोणा वैद्यानें लिहिले नसले तरी वैद्यकच आहेत.

अर्जाचें फळ लागलीच मिळालें नाहीं. सहा वर्षांनीं, १८९० च्या एप्रिलांत, महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली. तींत दोन स्त्रियांनींहि भाषणें केलीं. त्या वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य केली. योगायोग असा कीं, त्याच १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून न्यायमूर्ति रानडे, टिळक प्रभृति मंडळींवर ग्रामण्य उभें राहिलें आणि कोणी कोठें काय प्यालें याचा खल पुढें दोनएक वर्षें चालला. एका शहरांत कोणाच्या हातचें प्यावें हा वाद, तर दुसऱ्या शहरांत खाण्यास वेळ मिळावा ही मागणी. आपल्या सामाजिक इतिहासांत पहिल्या प्रकरणावर शाई पुष्कळ खर्ची पडली. दुसऱ्याची आठवण त्या मानानें थोडी.

१८९१ च्या कायद्यानें दुपारीं १२ ते २ या वेळांत अर्धा तास काम थांबविण्याचें व आठवड्यास एक सुट्टी देण्याचें बंधन घातलें. स्त्रियांचे तास ११ वर आणून त्यांस दीड तासाची विश्रांति दिली. या कायद्यामागें केवळ भूतदया होती असें मात्र कोणी समजूं नये. मुंबईच्या गिरण्या दिवसभर चालतात आणि आमचा माल मागें पडतो, ही लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची ओरडहि त्या कायद्यास कारण झाली. कोणत्याहि कारणानें असो, मुंबईच्या मजुरास आपल्या दिवसांतला अर्धा तास परत मिळाला. तो त्याचाच होता.

वेळ मिळाला, आतां ताटांत काय होतें तें पाहूं. दुष्काळी कामांवरील मजुरास कमींत कमी किती धान्य द्यावें याचा वाद १८७७ सालींच माजला होता. सर रिचर्ड टेंपल यांनीं पुरुष मजुरास रोज १ पौंड धान्य व १ आणा पुरे, असें ठरविलें. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं, एवढ्या अन्नावर कष्टाचें काम करणारें शरीर टिकणार नाहीं, असें म्हणून त्यास कसून विरोध केला. जीव धरून राहण्यापुरतें अन्न आणि काम करण्यापुरतें अन्न, या दोहोंतील भेद त्या वादांत प्रथमच सरकारी कागदांवर इतक्या उघडपणें आला. पुढें १९२१-२२ सालीं मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनें शिरास यांच्या देखरेखीखालीं कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. २,४७३ कुटुंबांचे व ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च तपासून काढलेला तिचा एक निष्कर्ष विलक्षण आहे: गिरणी कामगार जें धान्य खातो तें दुष्काळी नियमावलींतील कमाल मापाइतकें आहे, पण मुंबईच्या तुरुंगांत कैद्यास मिळणाऱ्या शिध्याहून कमी आहे. देशांतील एका मोठ्या उद्योगाच्या ऐन भरभराटीनंतरची ही स्थिति! कैद्याला निदान घंटेबरोबर बसून जेवतां येत होतें.

त्यापूर्वींच गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि त्यांनीं सूर्याची सत्ता पार मोडून टाकली होती. १९०५ च्या सुमारास कांहीं गिरण्या दिवसाचे चौदा-पंधरा तास चालूं लागल्या. कायदा मागून लंगडत येत होता: १९११ मध्यें कापडगिरण्यांतील पुरुषांस दिवसाचे १२ तास, १९२२ मध्यें आठवड्याचे ६० तास, १९३४ मध्यें बारमाही कारखान्यांत ५४, आणि १९४८ मध्यें ४८. या शेवटच्या कायद्यानें सलग ५ तासांहून अधिक काम घेऊं नये, मध्यें निदान अर्धा तास विश्रांति द्यावी, १५० हून अधिक कामगार असतील तेथें जेवणाची खोली व २५० हून अधिक असतील तेथें उपाहारगृह असावें, असे नियम केले. लोखंड्यांच्या अर्जापासून कामगाराला जेवावयास स्वतंत्र खोली असावी हें कायद्यानें मान्य करीपर्यंत ६४ वर्षें गेलीं.

तास कमी झाले, पण त्यांबरोबर पाळ्या आल्या. दिवसपाळी व रातपाळी आलटून पालटून करणाऱ्या मनुष्यास सकाळ कोणती व सायंकाळ कोणती हेंच उरलें नाहीं. त्याची न्याहारी कधीं सूर्यास्तास, तर जेवण मध्यरात्रीं. याच काळांत चहाहि कामगारांत रुजला. १९०३ पासून चहावर कर बसवून त्या पैशांतून चहाचा प्रसार चालला होता, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कारखान्यांत चहाचीं दुकानें काढण्याकडे त्या प्रसारकांनीं विशेष लक्ष पुरविलें. चहाचा कप दोन मिनिटांत संपतो, भूक मारतो आणि थकल्या माणसास पुन्हां यंत्रापाशीं उभा करतो. मालकाच्या दृष्टीनें याहून स्वस्त जेवण कोणतें? पुढें १९६० नंतरच्या दशकांत दादर-परळ भागांत वडापाव आला. तोहि याच जातीचा. त्याला ताट लागत नाहीं, पाट लागत नाहीं, आणि अर्धा तासहि लागत नाहीं. मुंबईकर त्याचें कौतुक करतात, तें योग्यच आहे. तथापि हा पदार्थ कोणत्या घाईंतून जन्मला याची आठवण असावी.

आतांपर्यंत आपण गिरणींत जाणाऱ्याचा विचार केला. पण त्याच्या प्रत्येक पाळीस धरून जिची पाळी ठरे, ती घरांतील स्त्री कोणत्याहि हजेरीपटावर नव्हती. चाळींतील एका खोलींत दोन-तीन पाळ्यांचीं माणसें राहत; प्रत्येकाच्या भोंग्यापूर्वीं भाकरी तयार पाहिजे. एकटे राहणारे कामगार खानावळींत जेवत, आणि त्या खानावळी बहुधा कामगारांच्याच घरच्या बायका, कित्येकदां विधवा व टाकलेल्या स्त्रिया, आपल्या चुलीवर चालवीत. या बायकांस सावकाराच्या पाशांतून सोडविण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचें कर्ज मिळवून दिलें. ज्या हातांनीं वीस-पंचवीस पानें वाढलीं त्यांचें स्वतःचें पान शेवटीं, उरेल त्यावर आणि उरेल तेव्हां. ही चाल गिरणगांवांतली खास नव्हे. ती साऱ्या समाजाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ रक्तक्षयानें पीडित आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें. स्त्रीदेहाचीं स्वाभाविक कारणें त्यामागें आहेतच. परंतु शेवटीं जेवण्याच्या चालीस त्यांतून निर्दोष सोडतां येणार नाहीं.

त्या उपासाचा हिशेब एका पिढींत मिटत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास चालविला. आपलें अर्भक इंग्रज अर्भकाहून वजनानें लहान, स्नायूंनीं कृश, पण चरबीनें त्या मानानें कमी नाहीं, असें त्यांस आढळलें. आणि पुढील वयांत मधुमेहाकडे असलेल्या आपल्या लोकांच्या कलाचें मूळ गर्भावस्थेंतील कुपोषणांत असावें, असा विचार त्यांनीं मांडला. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत १० कोटींहून अधिक लोक मधुमेही आहेत. या रोगाचें खापर आपण आजच्या गोडधोड ताटावर फोडतों. त्यांतला कांहीं भाग आजीच्या रिकाम्या ताटाचाहि असूं शकेल.

अर्वाचीन शास्त्र वेळेविषयीं काय सांगतें? शरीरांतील पेशीपेशींत दिवसाचें घड्याळ चालतें, याचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मेंदूंतील मुख्य घड्याळ प्रकाशावर चालतें; यकृतादि अवयवांचीं घड्याळें मात्र अन्नाच्या वेळेनें मागेंपुढें सरकतात, असें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. तेंच अन्न सकाळीं खाल्लें तर रक्तांतील साखर जितकी वाढते, त्याहून रात्रीं खाल्ल्यास अधिक वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००७ सालीं, आणि पुन्हां २०१९ सालीं, रातपाळीच्या कामास कर्करोगाच्या संभाव्य कारणांत गणलें. उलटपक्षीं, एकूण अन्न तेवढेंच ठेवून केवळ जेवणांची संख्या बदलली तर वजनांत फारसा फरक पडत नाहीं, असा बहुतेक प्रयोगांचा कल आहे. तात्पर्य, दोनदां कीं सहादां यावर आपण जितका घसा कोरडा करतों तितकें महत्त्व त्या संख्येस नाहीं. वेळेच्या नियमितपणास, रात्रीच्या विसांव्यास आणि अन्नाच्या प्रतीस तें अधिक आहे. प्रजापतीच्या वांटणींतलें मर्म दोन या आंकड्यांत शोधण्यापेक्षां, मनुष्याच्या जेवणास नेमलेला काळ असावा या कल्पनेंत शोधावें, हें बरें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे थांबले आणि त्या जागेवर कांचेचे मनोरे उभे राहिले. भोंग्याबरोबर त्याचा जुलूम गेला, तसा त्यानें जाहीर केलेला दुपारचा अर्धा तासहि गेला. आज त्याच रस्त्यांवर पाठीस मोठी पेटी बांधून दुचाकीवरून लोकांचीं जेवणें पोंचविणारे तरुण धांवत असतात. शहर ज्या घटकेस जेवतें त्याच घटकेस त्यांचें काम ऐन भरांत असतें. दुपारीं एक वाजतां आणि रात्रीं नऊ वाजतां, म्हणजे जेवणाच्या नेमक्या दोन्ही वेळीं, दुसऱ्याचें ऊन अन्न पाठीवर घेऊन ते उपाशी फिरतात. त्यांना मुकादम नाहीं, भोंगा नाहीं. केव्हांहि थांबण्याची मोकळीक आहे असें त्यांना सांगतात. परंतु थांबल्या वेळाची कमाई बुडते, आणि हिशेब ठेवणारें यंत्र त्यांच्या खिशांतच असतें. त्या यंत्रासहि दुपार होत नाहीं.

अशा मनुष्यास आपण काय सल्ला देणार? दोनदां जेव म्हणून, कीं दर दोन तासांनीं खा म्हणून? दोन्ही सल्ले त्याच्या कानांवरून जातील, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. आहारशास्त्र शिकविणाऱ्यांनीं व आरोग्याचीं व्याख्यानें देणाऱ्यांनीं श्रोत्यांस प्रथम एक प्रश्न विचारावा: तुमच्या दिवसांतला असा कोणता अर्धा तास आहे, ज्यांत तुम्हांस कोणी उठवूं शकत नाहीं? ज्यांच्यापाशीं त्याचें उत्तर आहे त्यांनीं खुशाल कॅलरी मोजाव्या व जेवणांची संख्या ठरवावी. ज्यांच्यापाशीं तें नाहीं, त्यांचें पथ्य वैद्याच्या चिठ्ठीवर लिहून भागणार नाहीं. तें कायद्यांत आणि करारांत लिहावें लागेल. १८८४ सालीं परळच्या निरक्षर माणसांनीं अंगठे उठवून आणि सह्या करून हेंच सांगितलें होतें.